झाडांनी मातीचे धरण मजबूत होते का?

"खासगी छोट्या धरणाच्या मातीच्या भरावावर झाडे लावा, मुळे माती धरून ठेवतील," हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. डोंगरउतारावर मुळे माती धरतात हे खरेच, म्हणून तो पटतोही.

पण इथे भरावाच्या एका बाजूला पाणी सतत दाब देत उभे असते. मुळे आत खोलवर शिरतात. झाड मेले की ती कुजतात आणि मागे पोकळ नळ्या उरतात. पाणी तीच वाट धरते, जाताना मातीचे कण नेते, नळी रुंदावत जाते. वादळात मोठे झाड उन्मळले तर भरावाचा लचकाच निघतो. शिवाय दाट सावलीत गवत टिकत नाही, आणि धूप रोखायला खरे उपयोगी पडते ते आखूड राखलेले गवतच.

पडताळून बघायचे तर धरण भरलेले असताना बाहेरच्या पायथ्याने चाला. पाझर दिसला तर ते पाणी काचेच्या बरणीत घेऊन थोडा वेळ स्थिर ठेवा. थोडा नितळ पाझर बऱ्याच मातीच्या धरणांना असतो. तो वाढत नाही ना, एवढे बघत राहायचे. पण बरणीच्या तळाशी गाळ बसला, तर आतली माती वाहते आहे. अशा वेळी लगेच जाणकार अभियंत्याला बोलवा.

भरावावरचे जुने मोठे झाड मात्र आपल्या मनाने तोडू नका. खोड गेले तरी मुळे आतच कुजत राहतात.