वतनाचे तंटे व दरबारची दाद (नाशिक परिसर)

मध्ययुगीन महाराष्ट्रात वारसाहक्काचा तंटा बहुधा वतनावरून, म्हणजे वंशपरंपरेच्या हुद्द्यावरून व त्याच्या हक्कांवरून होई. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, जोशीपण, महारकी ही सारी वतने वंशपरंपरेने चालत. इनाम जमिनीइतकाच जीव मानपानात गुंतलेला असे: पोळ्याला पहिला बैल कुणाचा, होळीला पहिली पोळी कुणाची, विडा आधी कुणाच्या हाती. दुष्काळात परागंदा झालेल्याचा वंशज परतला, धाकट्या घराने वडीलपणावर हक्क सांगितला किंवा निपुत्रिकाच्या विधवेने दत्तक घेतला, की फिर्याद उभी राही.

शास्त्राधार मिताक्षरेचा. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने लिहिलेल्या या याज्ञवल्क्यस्मृतीवरील भाष्यानुसार वडिलार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच असतो. राजघराण्यांत मात्र शास्त्र तोकडे पडे. सिन्नर परिसरात उदयाला आलेल्या यादवांच्या घरातच, महादेवानंतर त्याचा मुलगा आमण गादीवर बसला असता, महादेवाच्या थोरल्या भावाचा मुलगा रामचंद्र याने 1271 च्या सुमारास त्याला पदच्युत केले.

रयतेचा माणूस हुजुरात, म्हणजे राजदरबारी दाद मागायला जाई, तेव्हा राजा सहसा स्वतः निकाल देत नसे. तो वाद गोताकडे, म्हणजे स्थानिक लोकांच्या सभेकडे सोपवी. गावची पांढरी (गावकरी), बलुतेदार, शेजारच्या गावांचे पाटील, परगण्याचे देशमुख-देशपांडे बसत. सुलतानी अमलात काझीही असे. आधी दोन्ही पक्षांकडून जामीन आणि ‘निकाल मान्य करू’ असा राजीनामा लिहून घेत, मग करीने (दोन्ही पक्षांच्या लेखी कैफियती) व साक्षी. निवाड्याचा कागद म्हणजे महजर. त्यावर ज्याची त्याची निशाणी उमटे: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी. कोण भांडले यापेक्षा कुणासमोर भांडण मिटले, याचे हे चित्र आहे आणि या व्यवस्थेचे खरे बळ तिथेच दिसते. जिंकणाऱ्याला जयपत्र मिळे व तो सरकारात हरकी (जिंकल्याबद्दलची रक्कम) भरी. हरलेला येजितखत (हार मान्य केल्याचा कागद) लिहून देई व गुन्हेगारी (दंड) भरी.

आपले गोत प्रतिपक्षाला सामील आहे असे वाटले, तर फिर्यादी दुसरे थळ, म्हणजे निवाड्याची दुसरी जागा मागे. राजाच्या न्यायाचा गरिबाला सर्वांत मोठा उपयोग हाच होता. पैठण, कऱ्हाडप्रमाणे नाशिकच्या ब्रह्मसभेलाही (विद्वान ब्राह्मणांच्या सभेलाही) मान होता. साक्षीदाराला गोदावरीत उभे करून बोलायला लावणे ही साधी क्रिया (शपथेची रीत). पुरावाच नसला तर दिव्य: वादीच्या कपाळी त्याचा दावा लिहिलेले भाळपत्र बांधत, नखे काढून हात धूत, उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा काढायला लावत आणि मग हातावर पिशवी बांधून मोहोर करत. ठरल्या दिवशी मोहोर फोडून हात पाहत. हात भाजला तर पिढ्यांचे वतन गेले. ही रीत क्रूरच होती.

नाशिकचा आणखी एक ठेवा म्हणजे क्षेत्रोपाध्यांच्या (तीर्थक्षेत्राच्या पुरोहितांच्या) नामावळ्या. यात्रेकरू आपल्या कुळाची नावे त्यांत लिहून ठेवी, त्यामुळे वंशावळीचा पुरावा आपोआप जमत गेला. यजमान कुणाचे, यावरून उपाध्यांच्या भाऊबंदांतही तंटे होत, कारण ही वृत्तीसुद्धा (यजमानांकडून मिळणारे उत्पन्न) वाटणीत येई.

मोगलाईत गुलशनाबाद म्हणवणारे नाशिक 18व्या शतकाच्या मध्यास पेशव्यांकडे आले. तेव्हापासून शेवटची दाद पुण्यात लागे, जिथे पुढे रामशास्त्री प्रभुणे न्यायाधीश झाले. तरी निकाल क्वचितच कायमचा ठरे. राज्य बदलले की हरलेला नव्या धन्याकडे जाई आणि जुने महजर पुन्हा बाहेर निघत. 1818 नंतर इंग्रजांनी आधी पंचायती चालू ठेवल्या, पुढे अदालती आणल्या. वतनांना 1874 च्या कायद्याने चौकट मिळाली. महसुली पाटीलकी 1962 च्या कायद्याने संपली.