72 तासांची गोळी आणि त्यानंतरचे दिवस

“गोळी घेतली होती की ओ, मग कसं काय राहिलं?”

सोलापुरात बायकांच्या आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना, नर्सबाईंना, डॉक्टरांना हा प्रश्न नवा नाही. कधी तो अशोक चौकाच्या अंगाला राहणाऱ्या, नवरा यंत्रमागावर असलेल्या बाईचा असतो. कधी विडी घरकुलातल्या, मांडीवर सूप घेऊन पानं कातरणाऱ्या बाईचा. कधी जुळे सोलापुरात खोली घेऊन शिकणाऱ्या मुलीचा. भाषा मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी काहीही असो, सूर एकच असतो: माझंच काहीतरी चुकलं. हा अपराधीपणा कुठून आला ते कळायला, संबंधानंतर 72 तासांच्या आत दिवस जाऊ नयेत म्हणून घ्यायच्या त्या गोळीच्या मागे जावं लागतं, आणि तो रस्ता मेडिकलच्या काउंटरच्या बराच पलीकडून सुरू होतो.

नको असताना राहिलेलं मूल हा या जिल्ह्याला फार जुना विषय आहे. महात्मा फुल्यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. पुनर्विवाहाची वाट बंद असलेल्या विधवांना दिवस गेले की त्यांच्यापुढे विहीर नाहीतर नवजात बाळाचा गळा, एवढंच उरायचं. त्यांनी इथे यावं आणि गुपचूप बाळंत व्हावं, अशी ती सोय होती. त्यानंतर 12 वर्षांनी, 1875 मध्ये, तशीच संस्था आपल्या पंढरपुरात उभी राहिली. तिथे न्यायाधीश म्हणून आलेले लालशंकर उमियाशंकर यांनी पुढाकार घेतला आणि प्रार्थना समाजानं ती चालवली. पंढरपूरच का, हे सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. विठ्ठलाच्या आसऱ्याला गावोगावच्या विधवा येऊन राहत, आणि तीर्थाच्या गर्दीत त्यांना फसवणारेही असत. त्या काळी गर्भधारणा रोखण्याचं खात्रीचं साधन नव्हतं. झाल्यावर निदान बाई आणि बाळ जगावं, एवढीच दयाबुद्धी शक्य होती.

रोखण्याची भाषा मराठीत आणली ती रघुनाथ धोंडो कर्व्यांनी. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं आणि 1927 पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, त्यातल्या एकात 1934 साली डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. पुढे 10 नोव्हेंबर 1938 रोजी स्वतंत्र मजूर पक्षाच्या रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. पण बाळंतपण बाईवर लादलं जाऊ नये, ही गोष्ट सभागृहात बोलली गेली, याचं मोल मला फार वाटतं.

स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये देशाचा कुटुंबनियोजन कार्यक्रम आला. लाल त्रिकोण, निरोध, गर्भाशयात बसवायची तांबी, आणि सगळ्यात जास्त ‘ऑपरेशन’. आणीबाणीतली सक्ती आपल्या राज्यानंही पाहिली. 1976 मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळानं मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं त्याचा कायदा झाला नाही. या साऱ्याचा ठसा असा उरला की कुटुंबनियोजन म्हणजे दोन-तीन मुलं झाल्यावरचं ऑपरेशन. एखाद्या रात्री निरोध फाटला, रोजची गोळी विसरली, किंवा नवऱ्यानं ऐकलंच नाही, तर त्या एका रात्रीचं काय करायचं, याचं उत्तर या कार्यक्रमात बरीच वर्षं नव्हतं.

ते उत्तर बाहेरून आलं. कॅनडातले डॉक्टर अल्बर्ट युझपे यांनी 1974 मध्ये आपली पद्धत मांडली: संततिनियमनाच्या नेहमीच्या गोळ्यांतलेच दोन हार्मोन, पण मोठ्या मात्रेत, संबंधानंतर लवकर घ्यायचे. उपयोग होई, पण मळमळ आणि उलट्यांनी बायका हैराण होत. मग नुसत्या लेव्होनॉरजेस्ट्रेल या एकाच हार्मोनवर काम झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाचे निष्कर्ष 1998 मध्ये आले. युझपे पद्धतीत गर्भ राहण्याचं प्रमाण 3.2 टक्के होतं, नव्या गोळीत 1.1 टक्के. पुढे 2002 मध्ये दिसलं की 0.75 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या 12 तासांच्या अंतरानं घ्या किंवा 1.5 मिलिग्रॅम एकदम, परिणाम सारखाच.

इथे जरा थांबायला हवं, कारण आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर 1998 च्या त्या आकड्यांतच होतं. पहिल्या 24 तासांत गोळी घेतलेल्यांत गर्भ राहण्याचं प्रमाण 0.4 टक्के, दुसऱ्या दिवशी घेतलेल्यांत 1.2 आणि तिसऱ्या दिवशी घेतलेल्यांत 2.7 टक्के. म्हणजे गोळी ज्या कागदपत्रांनिशी जगापुढे आली, त्यांतच लिहिलं होतं की ती काही जणींत लागू पडत नाही आणि जितका उशीर तितकी ती दुबळी. ‘72 तास’ हा आकडा मात्र लोकांच्या मनात मुदत म्हणून बसला. वीजबिल शेवटच्या तारखेला भरलं तरी चालतं, तसं. शनिवारच्या रात्रीची गोळी मंगळवारी आणली तरी चालेल, असं बाई धरून चालते. गोळीच्या बाबतीत तसं नाही, तिथे प्रत्येक तास मोजला जातो.

तास का मोजायचे, हे गोळीच्या कामात आहे. ती मुख्यतः अंडं बाहेर पडणं लांबवते. शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात, अंडं मात्र जेमतेम एक दिवस. अंडं उशिरा आलं तर गाठ पडत नाही. पण अंडं सोडण्याचा शरीराचा इशारा आधीच सुटला असेल, तर गोळीला तो मागे फिरवता येत नाही. तासाभरात मेडिकल गाठलेल्या बाईलाही दिवस जाऊ शकतात ते यामुळे. यात तिची काही चूक नाही. आणि गर्भ एकदा रुजल्यावर ही गोळी तो पाडत नाही. राहिलेल्या गर्भाला ती अपायही करत नाही, तसा पुरावा आढळलेला नाही. हे मुद्दाम सांगते. मूल हवंसं वाटूनही “गोळी पोटात गेलीय, आता बाळ व्यंग घेऊन येईल” या धास्तीनं निर्णय घेणाऱ्या बायका असतात आणि त्यांना कुणी हे सांगितलेलं नसतं.

भारतात ही गोळी 2001 मध्ये मंजूर झाली आणि लवकरच सरकारी कार्यक्रमात आली. 2005 पासून तिला चिठ्ठी लागेनाशी झाली. हा निर्णय योग्यच होता. ज्या औषधाचा जीवच वेळेत आहे, त्यासाठी सोमवारच्या ओपीडीची वाट पाहायला लावणं म्हणजे ते नाकारणंच. 2007 मध्ये आय-पिल आली, सोबत अनवॉन्टेड-72 सारखी नावं आली, टीव्हीवर जाहिराती सुरू झाल्या. नवी पेठेपासून होटगी रोडपर्यंत मेडिकलवाल्यांना गिऱ्हाईकानं नुसतं “ती द्या” म्हटलं तरी कळू लागलं. चिंता मिटली, हा त्या जाहिरातींचा सांगावा होता. पुढे औषध नियंत्रकांनी जाहिरातींना चाप लावला. जाहिरात गेली, सांगावा मात्र मनात राहिला, आणि त्याला पूरक माहिती देणारं कुणी त्या जागी आलं नाही. चिठ्ठी गेली तशी डॉक्टरशी होणारी दोन वाक्यंही गेली. मेडिकलवाला कागदात गुंडाळून देतो, घेणारी मान खाली घालून घेते. सरकारनं 2011 पासून आशाताईंमार्फत घरपोच साधनं देण्याची योजना आणली, त्यात ही गोळी दोन रुपयांत मिळते. पण सासू दारात बसलेली असताना ती मागायची कशी?

त्या न झालेल्या दोन वाक्यांत काय असायला हवं होतं? पहिलं हे की गोळी झालेल्या संबंधासाठी आहे, पुढच्यांसाठी नाही. उलट अंडं लांबणीवर पडलेलं असतं, म्हणून त्याच महिन्यातल्या पुढच्या रात्री अधिक धोक्याच्या. “गोळी घेतलीय ना, मग आठ दिवस काळजी नाही” हा समज मी इतक्या जणींकडून ऐकला आहे की मोजणं सोडून दिलं. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर ती पुन्हा घ्यावी लागते. वजन खूप जास्त असेल तर तिचा जोर कमी पडू शकतो. आणि सोलापूरसाठी विशेष महत्त्वाचं: क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन आणि फिटच्या काही गोळ्या या औषधाचा परिणाम घटवतात. तंबाखूची धूळ छातीत घेत विड्या वळणाऱ्या, दाटीवाटीच्या घरांत राहणाऱ्या बायकांमध्ये क्षयाचा उपचार चालू असलेल्या असतातच. त्यांना डॉट्सच्या गोळ्या देताना हे कुणी बोलतं का? अशा वेळी पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणं हा कितीतरी खात्रीचा उपाय आहे, तो जवळपास नेहमी लागू पडतो, आणि पुढची काही वर्षंही निभावतात. सरकारी दवाखान्यात तांबी फुकट बसते, पण या कामासाठी ती आठवतच नाही कुणाला.

आणखी एक फसगत होते. गोळीनंतर काही जणींना आठवडाभरात थोडं अंगावर जातं. ते पाळी समजून बाई निश्चिंत होते आणि पुढचा महिना चुकतो तेव्हा जागी होते. तोवर आठ आठवडे उलटलेले असतात. पाळी ठरल्या दिवसापेक्षा आठवडाभर लांबली किंवा नेहमीपेक्षा फारच कमी गेली, तर चाचणी करावी. आशाताईंकडे निश्चय किट असतं. चाचणीत गर्भ दिसला आणि ओटीपोटात एका बाजूला कळ येत असेल, चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी सिव्हिल गाठावं. गर्भ नळीत राहिला असेल तर जिवावर बेततं.

चाचणीनंतर मग कायद्याचा इतिहास सुरू होतो, आणि तिथेही महाराष्ट्र आहे. गर्भपाताच्या प्रश्नावर 1964 मध्ये केंद्रानं नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते आपल्या राज्याचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. त्या अहवालावरून 1971 चा कायदा झाला आणि 1 एप्रिल 1972 पासून लागू झाला. संततिनियमनाचं साधन निकामी ठरलं, हे गर्भपाताचं कारण म्हणून त्यात पहिल्यापासून आहे. “गोळी घेतली होती, तरी राहिलं” हे वाक्य जिला तोंडातून काढायची लाज वाटते, ते पन्नास वर्षांहून अधिक काळ कायद्याला मान्य आहे. मात्र तेव्हा तिथे शब्द होते ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’. ते बदलायला 2021 उजाडलं. आता तिथे ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आहे. 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं, ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांना दोघा डॉक्टरांच्या मतानं 24 आठवड्यांपर्यंत. त्या दुसऱ्या टप्प्यात अविवाहित स्त्रियाही येतात, हे सर्वोच्च न्यायालयानं 29 सप्टेंबर 2022 रोजी स्पष्ट केलं.

गर्भपाताच्या गोळ्या हे वेगळंच औषध. मिफेप्रिस्टोन भारतात 2002 मध्ये मंजूर झालं. नऊ आठवड्यांपर्यंत ते मिसोप्रोस्टॉलबरोबर डॉक्टरच्या देखरेखीखाली दिलं जातं. 72 तासांच्या गोळीशी त्याचा संबंध नाही, पण दोन्हींना लोक ‘ती गोळी’च म्हणतात. म्हणून पाळी चुकल्यावर पुन्हा आय-पिल घेणाऱ्या असतात, एक नाही, दोन-दोन पाकिटं. त्यानं काहीच होत नाही, फक्त आठवडे जातात. दुसऱ्या टोकाला, ओळखीतून मिळालेलं गर्भपाताचं औषध घरीच घेऊन अतिरक्तस्राव होऊन येणाऱ्या असतात.

सिव्हिलच्या खिडकीवर केसपेपर काढताना आजही बाईला विचारलं जातं, “सोबत कोण आलंय? नवरा कुठाय?” विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, सवय असते. कायद्याला मात्र सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही, सासूची नाही, आईची नाही. मुलगी 18 वर्षांखालची असेल तरच पालकाची संमती लागते. तिचं नाव बाहेर फुटू न देणं हे डॉक्टरवर कायद्यानं बंधनकारक आहे. विडीचं माप देऊन कारखान्यातून परस्पर दवाखान्यात आलेली, पिशवीत कात्री आणि सूत तसंच असलेली बाई जेव्हा त्या खिडकीवर “कुणी न्हाई, मी एकटीच आलीय” म्हणते, तेव्हा कायद्याला लागणारं सगळं माणूस तिथे हजर असतं.