मराठीचे विद्यापीठीय अध्ययन-अध्यापन

विद्यापीठाच्या पदवी व पदव्युत्तर परीक्षांसाठी मराठी भाषा आणि वाङ्‌मय यांचा स्वतंत्र विषय म्हणून होणारा अभ्यास. शालेय मराठी आणि मराठी माध्यमातून दिले जाणारे इतर विषयांचे शिक्षण यांचा विचार येथे केलेला नाही.

या अध्यापनाचा आरंभ कोठून धरावा, याविषयी एकवाक्यता नाही. काही अभ्यासक तो कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजपर्यंत मागे नेतात. तेथे विल्यम कॅरी याने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकरांना मराठी शिकविली, 1805 मध्ये मराठीचे व्याकरण आणि 1810 मध्ये मोडी टाइपांत छापलेला कोश प्रसिद्ध केला. परंतु हे कॉलेज म्हणजे विद्यापीठ नव्हे; कारभारापुरती भाषा यावी, एवढाच तेथील शिक्षणाचा हेतू होता. दुसरे मत मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेचे, म्हणजे 1857 हे वर्ष धरते. प्रारंभीच्या परीक्षांत देशी भाषांना स्थान होते हे खरे. तथापि 1860 नंतरच्या दशकात वरच्या परीक्षांतून त्या काढून टाकण्यात आल्या आणि संस्कृत, फारसी, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषांना त्यांची जागा मिळाली. पदवीच्या दर्जाला साजेसे वाङ्‌मय देशी भाषांत नाही, असा युक्तिवाद त्यामागे होता. त्या काळात विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेले अलेक्झांडर ग्रँट यांनीच 1864 अखेरपर्यंतच्या देशी ग्रंथांची सूची सिद्ध केली होती, ही गोष्ट या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या युक्तिवादाला ग्रंथांची मोजदाद मांडूनच उत्तर दिले. मराठी वाङ्‌मयाच्या वाढीविषयीचे त्यांचे 1898 मधील टिपण याच प्रयत्नाचा भाग होते. त्यांच्या खटपटीला यश येऊन एम. ए.च्या परीक्षेत मराठीचा समावेश झाला, तो सामान्यतः 1901 सालचा, म्हणजे रानडे यांच्या निधनाच्या वर्षाचा मानतात. मराठीच्या सलग विद्यापीठीय परंपरेचा आरंभ येथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. मात्र तो परीक्षेचा आरंभ होय, अध्यापनाचा नव्हे. 1904 च्या विद्यापीठ कायद्यापर्यंत मुंबई विद्यापीठ ही मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था होती, आणि त्यानंतरही शिकविण्याचे काम बराच काळ महाविद्यालयांकडेच राहिले. वरच्या परीक्षांत मराठी नसताना, 1877 मध्ये, याच विद्यापीठाच्या विल्सन व्याख्यानमालेत रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी संस्कृत आणि तीपासून निघालेल्या भाषांचा विचार करताना मराठीच्या रूपांचे ऐतिहासिक विवेचन केले होते. भाषा अभ्यासाचा विषय झाली, पण परीक्षेचा झाली नाही, अशी ही स्थिती होती.

अभ्यासक्रमाचे वाङ्‌मय व भाषा असे दोन भाग परंपरेने पडतात. वाङ्‌मयाचा भाग सुपरिचित आहे. भाषेच्या भागात जुन्या मराठीला मोठे महत्त्व असून कर्नाटकातील श्रवणबेळगोळ येथील ‘श्रीचावुंडराजें करवियलें’ ही ओळ बहुधा प्रथम शिकविली जाते. ‘चावुंडराजें’ यातील ‘एं’ हा तृतीयेचा प्रत्यय असून त्यातून कर्ता व्यक्त होतो, आणि ‘करवियलें’ हे प्रयोजक धातूचे भूतकाळी रूप आहे. दोनच शब्दांत मराठीचा कर्मणी प्रयोग विद्यार्थ्यांपुढे उभा राहतो. या ओळीचा काळ मात्र वादग्रस्त आहे. ती शके 905 (इ. स. 983) ची मानून तिला आद्य मराठी शिलालेखाचा मान देण्याची प्रथा दीर्घकाळ चालली. पुणे विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक असलेले शं. गो. तुळपुळे यांनी मात्र ही ओळ तिच्या जोडीच्या ‘श्रीगंगराजें’ या ओळीबरोबरच, बाराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कोरली गेली असे प्रतिपादिले आणि अलिबागजवळील आक्षी येथील शके 934 (इ. स. 1012) चा लेख आद्य ठरविला. हे मत आज अधिक ग्राह्य मानले जाते; तरी जुन्या मार्गदर्शिकांत आद्य लेख म्हणून श्रवणबेळगोळचेच उत्तर आढळते व परीक्षार्थींचा गोंधळ होतो.

भाषेच्या ऐतिहासिक अभ्यासाला झ्यूल ब्लॉक यांच्या मराठीच्या जडणघडणीवरील फ्रेंच प्रबंधाने मोठी चालना दिली, त्याचे वा. गो. परांजपे यांनी केलेले भाषांतर 1941 मध्ये निघाले. 1939 मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालेल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आधुनिक भाषाविज्ञानाची परंपरा रुजली. ना. गो. कालेलकर आणि अशोक केळकर या भाषावैज्ञानिकांच्या लेखनामुळे ती मराठी विभागांपर्यंत पोहोचली, परंतु बहुतेक ठिकाणी ती एखाद्या प्रश्नपत्रिकेपुरतीच राहिली.

परदेशांत लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत इअन रेसाइड यांनी मराठी व गुजराती शिकविली. अमेरिकेतील अ‍ॅन फेल्डहाउस यांनी तुळपुळे यांच्यासह जुन्या मराठीचा इंग्रजी कोश सिद्ध केला (1999). परकीयांना मराठी शिकविण्यासाठी मॅक्सिन बर्नसन आणि जाई निंबकर यांनी तयार केलेले पाठ्यसाहित्य विशेष उपयोगी ठरले आहे. महाराष्ट्राबाहेर गोवा विद्यापीठ आणि बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ येथे मराठीचे अध्यापन होते. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे स्वतंत्र मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले असून, लीळाचरित्राची रचना परंपरेने याच महानुभाव क्षेत्राशी जोडली जाते.