दाताचं इंजेक्शन, ॲड्रेनॅलिन आणि बीपीचे रुग्ण

सोलापुरात दात काढायला येणाऱ्या वयस्कर माणसाच्या हातात आता एक्स-रेबरोबर बरेचदा फिजिशियनची चिठ्ठीही असते. अक्कलकोट, मंगळवेढ्याहून येणारे तर ती आधीच घेऊन निघतात, म्हणजे परत खेप पडत नाही. चिठ्ठीत बीपीच्या गोळ्यांची नावं असतात आणि खाली एक ओळ : ‘ॲड्रेनॅलिन टाळावे’. म्हणजे बधिर करायच्या इंजेक्शनात मिसळलेलं, ठोके आणि बीपी वाढवू शकणारं हे संप्रेरक नको.

ईथर आणि लाफिंग गॅस हुंगवून भूल देण्याचा १८४४-४६ चा काळ इथे बाजूला ठेवू. खुर्चीत जागेपणी दात निघण्याची सुरुवात १८८४ ची. त्या वर्षी व्हिएन्नात कोकेननं डोळा बधिर झाला आणि पाठोपाठ न्यूयॉर्कमध्ये खालच्या जबड्याची नस. पण कोकेनचं व्यसन लागे, मात्रा चुकली तर जीवही जाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बधिर करणारं दुसरं औषध, प्रोकेन, आलं. ते अधिक सुरक्षित, पण रक्तवाहिन्या रुंद करणारं, त्यामुळे रक्तात झटकन ओढलं जाई आणि असर उतरे. ॲड्रेनॅलिन मिसळलं की वाहिन्या आवळतात, औषध जागेवर राहतं, रक्तही कमी येतं. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेल्या लिग्नोकेनला, म्हणजे आज दातासाठी वापरल्या जाणाऱ्या बधिर करणाऱ्या औषधालाही, ही जोड लागलीच.

वाद या जोडीचा आहे. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या हृदयतज्ज्ञांच्या एका समितीनं हृदयरोग्यासाठी एका वेळची कमाल मात्रा ०.२ मिलिग्रॅम सांगितली. पुढे दंतवैद्यकात ०.०४ मिलिग्रॅम हा आकडा रुळला. पाचपट फरकाचे हे दोन आकडे फिरत राहिले आणि ‘नकोच ते’ असं म्हणणं सोपं झालं. त्यात चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतं ते आयसीयूतलं ॲड्रेनॅलिन : हृदय बंद पडल्यावर थेट शिरेत दिलं जाणारं पूर्ण १ मिलिग्रॅम.

दाताच्या इंजेक्शनाचा हिशोब वेगळा आहे. आपल्याकडच्या लिग्नोकेन-ॲड्रेनॅलिनच्या ३० मिलीच्या बाटलीवर १:८०,००० लिहिलेलं असतं, म्हणजे ८०,००० मिलीत एक ग्रॅम ॲड्रेनॅलिन, एका मिलीत ०.०१२५ मिलिग्रॅम. २ मिलीची सिरिंज भरली तर ०.०२५, आयसीयूतल्या मात्रेचा चाळिसावा भाग, आणि तोही हिरडीजवळच्या मऊ भागात. ०.०४ ची कडक मर्यादा पाळली तरी ३ मिली देता येतं. अट इतकीच की सुई आत गेल्यावर दट्ट्या जरा मागं ओढून रक्त येत नाही ना, म्हणजे सुई रक्तवाहिनीत नाही ना, हे पाहायचं, आणि औषध सावकाश सोडायचं.

उलट नुसतं लिग्नोकेन दिलं तर दाताच्या नसेचा बधिरपणा पाच-दहा मिनिटांत ओसरतो. ॲड्रेनॅलिनसह तो तासभर टिकतो. दाढ अर्धी हलली असताना कळ आली, तर घाबरलेल्या शरीरातून जे ॲड्रेनॅलिन सुटतं त्याला कुठलीच मर्यादा नसते. बीपीवाल्या रुग्णाला अर्धवट बधिर करून दाढ काढणं हा त्याच्यावर अन्याय आहे. बीपी १८०/११० च्या वर असेल तर दात काढणं पुढं ढकलावं. नुकता हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर थांबावं. प्रोप्रॅनोलॉलसारखी ठोके कमी करणारी गोळी चालू असेल तर जपून. बाकीच्यांना ‘सकाळची गोळी घेतली का?’ हे आधी विचारणं जास्त मोलाचं.

 

सोलापूरपुरता आणखी एक पेच आहे. विडी वळणाऱ्या बायकांत मिश्रीची सवय जुनी. दात ठणकला की मिश्रीच आणखी लावली जाते आणि दवाखाना लांबतो. गुटखा, सुपारीनं तर तोंडच उघडेनासं होतं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी दोन बोटं जेमतेम आत जातील अशी तोंडं ओपीडीत येतातच. अशा वेळी खालच्या जबड्याच्या नसेपर्यंत नेहमीच्या वाटेनं सुई पोचत नाही. तोंड मिटलेलं असतानाच, वरच्या दाढांच्या बाहेरून सुई नेण्याची पद्धत १९६० मध्ये आणि पुन्हा १९७७ मध्ये मांडली गेली, ती इथे उपयोगी पडते. ती दंतवैद्याच्या हाताला बसलेली नसेल तर ‘ओठ जड झाला का?’ या नस बधिर झाल्याची खूण विचारणाऱ्या प्रश्नाला ‘नाही’ असंच उत्तर येत राहतं, इंजेक्शनं वाढतात, आणि ३ मिलीची ती मर्यादा खरोखरच ओलांडली जाते.