‘वर्णनात्मक’ या शब्दामागे: मुंबईतल्या प्रौढ विद्यार्थ्यांच्या अभ्यासलेखनाची पार्श्वभूमी

राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून दादर, ठाणे, डोंबिवलीच्या अभ्यासिकांमध्ये ‘उत्तरलेखन’ हा शब्द रोज कानावर पडतो. एकूण नऊ पेपर. त्यातले दोन भाषेचे नुसते उत्तीर्ण व्हायचे, उरलेले सात प्रत्येकी २५० गुणांचे. म्हणजे १७५० गुण हातानं लिहून मिळवायचे. तिशीकडे झुकलेली, नोकरी सांभाळून अभ्यास करणारी मुलंमुली विचारतात, “मॅडम, लिहायचं कसं, हे शिकवतात कुठं?”

हा प्रश्न एका परीक्षेपुरता नाही. दूरशिक्षणातून बीए करणारी परिचारिका, रात्र महाविद्यालयात जाणारा कंडक्टर, चाळिशीत पीएचडीला नाव नोंदवलेले शिक्षक, सगळे हेच विचारतात. मोठ्या वयात शिकायला आलेल्या माणसाला कारणं तोलणारं, दोन मतं समोरासमोर ठेवणारं, आधार देऊन बोलणारं लेखन कुणी शिकवायचं, हे या शहरात कधी ठरलंच नाही.

रात्रशाळांची परंपरा इथं जुनी. गिरणगावात पाळी संपवून, अंगावरचा कापूस झटकून शाळेत जाणाऱ्यांच्या गोष्टी घराघरांत आहेत. १९३९ साली मुंबई इलाख्यात लोकनियुक्त सरकार असताना शहरात प्रौढ साक्षरतेची मोठी मोहीम निघाली आणि तिच्यासाठी नेमलेल्या समितीचं काम नंतर नाव बदलून ‘समाजशिक्षण’ म्हणून चालू राहिलं. १९४६ साली दक्षिण मुंबईत एक महाविद्यालय निघालं. तिथं सकाळचे वर्ग भरायचे, नोकरदारांना आधी तास आणि मग कचेरी गाठता यावी म्हणून. या सगळ्या खटपटीत हेतू साफ होता. अंगठ्याऐवजी सही यावी, पगाराची पावती वाचता यावी, गावाकडं पत्र स्वतः लिहिता यावं. पुढं जमलं तर मॅट्रिक.

२ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, १९८८ ला साक्षरता अभियान. या अभियानानं साक्षर कुणाला म्हणायचं याची मोजपट्टी ठरवली होती, ती मुद्दाम पाहावी अशी आहे. सोपा उतारा मोठ्यानं वाचण्याचा वेग मिनिटाला ३० शब्द. समजून नक्कल करण्याचा वेग मिनिटाला ७ शब्द. सांगितलेलं उतरवून घेण्याचा ५. आणि स्वतंत्र लेखन म्हणजे छोटी पत्रं, अर्ज, रोजच्या उपयोगाचे फॉर्म. नुकतंच अक्षर गिरवलेल्या बाईसाठी हे लक्ष्य योग्यच होतं, त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण लेखनाची शिडी तिथंच संपत होती. वरची पायरी कुठल्याच योजनेत नव्हती. जे पुढं गेले ते सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसले, नाहीतर रात्रशाळेत गेले. तिथं लेखन येतं असं गृहीत धरलेलं.

दूरशिक्षणानं हा प्रश्न झाकला, असं माझं स्पष्ट मत आहे. मुंबईच्या विद्यापीठात पत्राद्वारे शिक्षण १९७१ ला सुरू झालं. १९८९ ला नाशिकला राज्याचं मुक्त विद्यापीठ झालं आणि शाळा अर्धवट सुटलेल्यांना पूर्वतयारीच्या वाटेनं पदवीचं दार उघडलं. हजारो घरांत पहिली पदवी याच दारातून आली, त्याचं मोल मोठं आहे. परंतु दूरशिक्षणात विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यामध्ये एकच पूल असतो, तो म्हणजे विद्यार्थ्यानं लिहिलेला कागद. तो कागद वाचून, समासात चार ओळी लिहून परत करणं, हेच तिथलं शिकवणं. आपल्याकडं या कागदाचं काय झालं ते त्याच्या नावावरूनच कळतं. काही पुस्तकांत त्याला ‘स्वाध्याय’ म्हणतात, काही ठिकाणी ‘गृहपाठ’. स्वाध्याय म्हणजे मुळात आपल्या वाट्याचा वेद पाठ म्हणणं. शालेय पुस्तकांत तो धड्याखालचा प्रश्नसंच झाला. आणि गृहपाठ हा तर लहान मुलाचा, वहीत करून बाईंना दाखवायचा. मोठ्या माणसाच्या विचाराला उत्तर म्हणून शिक्षकानं काही लिहावं, ही अपेक्षा दोन्ही नावांत नाही.

रविवारची संपर्क सत्रं मी परळच्या एका पालिका शाळेत घेत असे. दुसरीच्या बाकांवर पन्नाशीची माणसं गुडघे आवळून बसायची. बाहेर झेरॉक्सच्या दुकानात सोडवलेले गृहपाठ मिळायचे, विषयवार पिन मारलेले. लोक ते विकत घेत, कारण स्वतः लिहिलेलं आणि उतरवलेलं यांना मिळणाऱ्या गुणांत फरक नव्हता. एका केंद्रावर तर तपासलेले गृहपाठ परत द्यायची पद्धतच नव्हती. गठ्ठे कपाटात जात आणि वर्षाअखेर रद्दीत. मी दोनदा लेखी मागणी केली, उत्तर आलं नाही. ज्या माणसानं चार रात्री जागून दहा पानं लिहिली, त्याला ती पानं कुणी वाचली की नाही हेही कळू नये, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता त्या शब्दाकडं येते. ‘वर्णनात्मक’.

इंग्रजीत ज्याला डिस्क्रिप्टिव्ह म्हणतात त्याचा हा शब्दशः उतारा. बहुपर्यायी नाही, लिहून उत्तर द्यायचं, एवढाच त्याचा परीक्षेतला अर्थ. पण मराठी शाळेत शिकलेल्या माणसाच्या कानात या शब्दाला आधीच एक घर आहे. निबंधाचे प्रकार पाठ केलेले असतात: वर्णनात्मक, कथनात्मक, आत्मवृत्तात्मक, कल्पनाप्रधान, वैचारिक. वर्णनात्मक म्हणजे पावसाळ्यातला दिवस, बाजाराचा फेरफटका, आमची सहल. म्हणून ‘परीक्षा वर्णनात्मक आहे’ हे ऐकलेला माणूस वर्णनच करतो. महाराष्ट्रातली पाणीटंचाई विचारली की आधी कोरड्या विहिरी येतात, मग डोक्यावर हंडे घेतलेल्या बाया, मग पावसाची वाट पाहणारा शेतकरी. टंचाई का, कुणामुळं, कोणता उपाय फसला आणि का फसला, हे यायच्या आत पान भरतं. विचारलेलं असतं वैचारिक, नाव असतं वर्णनात्मक.

पर्यायी शब्द नव्हते असं नाही. ‘दीर्घोत्तरी’ आहे, पण तो लांबी सांगतो, आणि लांबी सांगितली की माणूस पानं मोजतो. ‘निबंधवजा’ जुना आहे. ‘युक्तिवाद’ हा शब्द आपण वकिलाला देऊन टाकला. खरं तर ‘निबंध’ हाच शब्द पुरेसा होता. १८७४ साली पुण्यातून ‘निबंधमाला’ हे मासिक निघालं, त्यातला निबंध म्हणजे वाद घालणारं, प्रतिपक्षाला नाव घेऊन उत्तर देणारं गद्य. तिथून तो ‘माझा आवडता प्राणी’वर कसा आला, हा स्वतंत्र विषय आहे. प्रश्नपत्रिकेतल्या आज्ञांचंही हेच झालं. ‘स्पष्ट करा’, ‘चर्चा करा’, ‘परीक्षण करा’, ‘मूल्यमापन करा’ ही चार वेगळी कामं आहेत. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी विचारलं की उत्तर येतं, “सगळ्याचं एकच, सविस्तर लिहायचं.”

याच शब्दावरून रस्त्यावर भांडण झालं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा पूर्वी लेखीच होती. २०१२ ला ती बहुतांशी बहुपर्यायी झाली: सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी १५० गुणांचे, सगळे बहुपर्यायी. लेखन उरलं ते भाषांच्या पेपरांपुरतं. तपासणी झपाट्यानं होते, परीक्षकागणिक गुण बदलत नाहीत, ही कारणं खोटी नव्हती. पण त्या दहा वर्षांत एक अख्खी पिढी सामान्य अध्ययनाचा अभ्यास पेन न उचलता करायला शिकली. २०२२ च्या जूनमध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगानं परीक्षा पुन्हा वर्णनात्मक करायचं ठरवलं, तीही २०२३ पासूनच. पुण्यात मुलं रस्त्यावर बसली. मुंबईतून माझ्या ओळखीचे काहीजण रात्रीची गाडी पकडून गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अंमलबजावणी २०२५ वर ढकलली गेली.

मी लेखनाच्या बाजूची आहे. ज्याच्या सहीनं उद्या कुणाची जमीन जाणार किंवा वाचणार, त्याला आपल्या निर्णयाची कारणं एका पानावर मांडता आलीच पाहिजेत. त्या वेळी ‘मुलं आळशी झाली, लिहायला घाबरतात’ असं म्हणणारे खूप भेटले. ते मला अन्यायाचं वाटलं. लिहायला न शिकवता लेखनाची परीक्षा आणली, हे त्या मुलांचं गाऱ्हाणं होतं आणि ते खरं होतं. दोन वर्षं मिळाली, त्यात काय झालं? उत्तरलेखनाचे खासगी वर्ग निघाले. फी भरणाऱ्यांना लिहिलेला कागद तपासून परत मिळू लागला, बाकीच्यांनी नमुना उत्तरं पाठ केली.

याच मुलांना व्याकरण चोख येतं, हे विसरता कामा नये. ‘पण’ हे कोणतं उभयान्वयी अव्यय, विचारा. न्यूनत्वबोधक, ताबडतोब. ‘म्हणून’? परिणामबोधक. ‘कारण’? कारणबोधक. बहुपर्यायीसाठी हे तोंडपाठ असतं. त्यांच्या परिच्छेदात मात्र ‘पण’ सापडत नाही. वाक्यं एकाखाली एक, ‘तसेच’ आणि ‘त्याचप्रमाणे’ यांनी जोडलेली.

एक उदाहरण जवळून देते. बेस्टमधले एक कंडक्टर, वय पंचेचाळीस, बीएच्या दुसऱ्या वर्षाला. प्रश्न होता १९८२ च्या गिरणी संपाच्या कारणांचा. त्यांनी लिहिलं: एक, अपुरा पगार. दोन, बोनसचा वाद. तीन, बदली कामगारांची स्थिती. चार, १९४६ चा औद्योगिक संबंध कायदा. सगळं बरोबर, सगळं गाइडातलं आणि सगळ्यांचं वजन सारखं. त्यांचे वडील लालबागच्या एका गिरणीत बदलीवर होते, हे मला माहीत होतं. मी विचारलं, “यातलं कोणतं कारण काढून टाकलं तर संप झाला नसता?”

ते म्हणाले, “मॅडम, हे पुस्तकात नाही.”

“तुम्हाला काय वाटतं ते सांगा.”

पुढच्या रविवारी त्यांनी आणलेल्या कागदावर असं होतं: “पगार कमी होता, पण तो आधीही कमीच होता. बोनसवरून दर दिवाळीला वाजायचं. मग १९८२ लाच का? कायद्यानं एका उद्योगात एकाच संघटनेला मान्यता होती आणि ती कामगारांना आपली वाटत नव्हती, म्हणून पगाराचं भांडण संघटनेचं भांडण झालं.” त्यात एक ‘पण’, एक ‘म्हणून’ आणि एक प्रश्न होता. ‘मग १९८२ लाच का?’च्या खाली त्यांनी स्वतःच रेघ मारली होती. मी समासात लिहिलं, “याचा पुरावा कुठं मिळेल?” पुढचे तीन रविवार ते त्यावर होते.

असं काम मोठ्या गटात, वेळेअभावी होत नाही, ही अडचण खरी आहे. राज्यातल्या बहुतेक रात्रशाळा मुंबईत. १७ मे २०१७ च्या शासन निर्णयानं तिथल्या दुबार नोकरीच्या शिक्षकांना जावं लागलं आणि पंधरा-वीस वर्षं कामगार विद्यार्थ्यांचं लेखन वाचलेले डोळे एका फटक्यात कमी झाले. पूर्णवेळ शिक्षक हवेत, हा त्यामागचा विचार तत्त्वतः योग्य. शिक्षक बदलताना काय हरवतं, याचा हिशेब मात्र कुणी मांडला नाही. २०२० च्या टाळेबंदीत पदवीची शेवटच्या वर्षाची परीक्षाही घरबसल्या, तासाभराची बहुपर्यायी झाली. प्रसंगच तसा होता. पण त्या वर्षी पदवी घेतलेले कितीतरी नोकरदार पुढं एमएला आले तेव्हा सलग तीन पानं लिहायला बिचकत होते.

वरच्या टोकाला गोष्ट आणखी अवघड होते. २००९ पासून पीएचडीला प्रबंधाआधी ‘कोर्सवर्क’ म्हणजे वर्गातला अभ्यासक्रम पूर्ण करणं सक्तीचं झालं. २०१८ च्या नियमावलीनं वाङ्मयचौर्याच्या पायऱ्या आखल्या: १० टक्क्यांपर्यंत साम्य चालेल, पुढं ४० आणि ६० टक्क्यांच्या रेषा, त्यावर नोंदणी रद्द. नियम हवाच होता. पण आयुष्यभर ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ या आज्ञेखाली नोट्स उतरवून गुण मिळवलेल्या माणसाला चाळिशीत एकदम टक्केवारी दाखवली जाते. मग तो शब्द बदलत बसतो, ‘महत्त्वाचे’चं ‘मोलाचे’ करतो. दुसऱ्याचं म्हणणं आपल्या वाक्यात घेऊन, त्याचं नाव सांगून, त्याच्याशी आपलं कुठं जुळत नाही ते लिहायचं असतं, हे त्याला आधी कुणी दाखवलेलंच नसतं.

तळाच्या टोकाला २०२२ पासून नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. त्यात ‘प्रौढ शिक्षण’ हा शब्द बाजूला करून ‘सर्वांसाठी शिक्षण’ असा घेतला गेला. पंधरा वर्षांपुढचे सगळेच त्यात येतात, म्हणून जुनं नाव अपुरं वाटलं. चाचणी १५० गुणांची, वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०. मार्च २०२४ मध्ये राज्यात ती झाली तेव्हा आमच्याच शाळेच्या खालच्या मजल्यावर एक आजी नातसुनेचा हात धरून आल्या होत्या. पेपर देऊन बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, “बाई, आता पुढची यत्ता कुठली?”

वरच्या मजल्यावर त्याच दुपारी माझा वर्ग होता. मी त्यांना सतरा नंबरच्या फॉर्मची माहिती दिली. दुसरं सांगण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं.