जुनी पिकअप घरच्या पोराबरोबर पुन्हा चालू करायची असेल, तर आधी हे वाचा

अंगणात किंवा शेतावर बरीच वर्षं उभी असलेली जुनी पिकअप, नववी ते बारावीतला मुलगा किंवा मुलगी, आणि ‘आपण दोघांनी मिळून ही चालू करूया का’ हा विचार. अशी घरं आमच्या कोल्हापूरच्या गॅरेजमध्ये येतात, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. जागा, हत्यारं आणि शेजारी उभा राहून शिकवणारा मिस्त्री आम्ही देतो. गाडी तुमची आणि हात पोराचे.

गाडी लवकर हवी असेल तर ती आमच्याकडे सोडून जा. आमची माणसं ती पुष्कळ कमी वेळात तयार करतील, त्याचा दर वेगळा आहे. पोराबरोबर करायची असेल तर शनिवार दुपार आणि रविवार धरून साधारण दीड वर्ष मनात ठेवा. एकाच गाडीवर दोन्ही गोष्टी साधत नाहीत. घाई शिरली की पहिल्यांदा पोराच्या हातातला पाना काढून घेतला जातो, आणि मग त्याच्याकडे टॉर्च धरायचं काम उरतं.

कुठली गाडी घ्यावी

घरची गाडी असेल तर प्रश्नच नाही. विकत घ्यायची असेल तर इलेक्ट्रॉनिक्स नसलेलं साधं डिझेल इंजिन पाहा. आमची पहिली पसंती टाटामोबाइल २०६ ला. टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) ही पिकअप १९८८ मध्ये आणली. तिचं १९४८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन पुढे सिएरा आणि सुरुवातीच्या सुमोमध्येही आलं, त्यामुळे इंजिनाचे सुटे भाग आजही मिळवता येतात. डिझेल पंप पूर्ण यांत्रिक, बॉनेटखाली हात घालायला जागा भरपूर. महिंद्राच्या जीपवर बांधलेल्या जुन्या पिकअपही चांगल्या. त्यांची चौकट दणकट असते आणि जीपचं काम येणारा मिस्त्री आपल्याकडे गावोगाव सापडतो. कॉमन रेल इंजिनाची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सवर डिझेल सोडणारी गाडी या कामासाठी आम्ही घेत नाही. तिच्यात बिघाड शोधायला स्कॅनर लागतो, आणि डोळ्यांनी, कानांनी, हातांनी बिघाड हुडकायची मजा पोराला मिळत नाही.

इंजिन चालू आहे की जाम, यावर गाडीची किंमत ठरवू नका. जाम इंजिन आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात, मशीनच्या कारखान्यांत, पुन्हा उभं राहतं. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, सगळं एका फेरीत होतं. कुजलेली चेसिस, म्हणजे गाडीची खालची चौकट, मात्र उभी राहत नाही. कॅबच्या मागे, स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरजवळ आणि हौद्याच्या खाली जिथे चिखल साचतो, तिथे लहान हातोडीने ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, पापुद्रे सुटले, तर ती गाडी सोडून द्या. कोकणातून आलेल्या गाडीला हे दुप्पट काळजीने करा, खाऱ्या हवेने आतून पोकळ झालेली चेसिस वरून रंगवली की छान दिसते.

कागद आधी, पाना नंतर

आरसी बुकावरचा चेसिस नंबर आणि चेसिसवर ठोकलेला नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. ज्या जागी तो ठोकलेला असतो तिथे ग्राइंडर लावायचा नाही. आमच्याकडे त्या जागेला पहिल्या दिवशीच टेप लागते. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८. गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली आहे की खाजगी, हेही पाहा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं, खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना पर्यावरण कर आहे, तोही हिशेबात धरा.

इंजिन बदलायचं, चेसिस लांबवायची किंवा हौद्याच्या जागी बसायची सोय करायची, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आधी आरटीओची परवानगी. परवानगीशिवाय आम्ही असं काम हातात घेत नाही. ‘व्हिंटेज’ नोंदणीबद्दल बरेच जण विचारतात. ती पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी आहे, १९८८ नंतरच्या पिकअपला ती लागू होत नाही.

पोराच्या हाताला काय काम

गाडी खोलणं संपूर्ण त्याचं. दहा-अकरा आणि बारा-तेराचा पाना यातला फरक नजरेने ओळखता येईपर्यंत दोन-तीन रविवार जातात, जाऊ द्या. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो. बोल्ट पिशवीत, पिशवीवर मार्करने नाव. वॉटर पंप, टायमिंग कव्हर अशा ठिकाणी बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, त्यासाठी पुठ्ठ्यावर त्या भागाची आकृती काढून ज्या जागचा बोल्ट त्याच भोकात खोचून ठेवायचा. नोंदींची वही, या पिशव्या आणि पुठ्ठे पोराच्या ताब्यात राहतात. जोडताना ‘हा बोल्ट कुठला’ असं आमचा मिस्त्रीही त्यालाच विचारतो. पंधरा वर्षांच्या मुलीला पन्नाशीचा मिस्त्री खरोखर माहिती नाही म्हणून काही विचारतो, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे येतं त्यासाठी आम्ही हे काम करतो.

गंजलेला बोल्ट हा पहिला मोठा धडा. तेल मारून रात्रभर ठेवायचा, दुसऱ्या दिवशी किंचित घट्ट करून मग सैल करून पाहायचा, तरी नाही सुटला तर मिस्त्री गॅसने तापवतो. त्यातूनही बोल्ट मुंडक्यातून तुटला तर ओरडू नका. मधोमध पंच मारायचा, बारीक ड्रिलने भोक पाडायचं, उरलेला तुकडा उलटा फिरवून काढायचा, हे सगळं त्यालाच करू द्या. यात अर्धा दिवस जातो, पण पुढच्या बोल्टला हात लावताना त्याला जोर कुठे थांबवायचा ते कळतं. हे तोंडी सांगून कळत नाही.

इंजिन उघडलं की मोजमाप. अकरावीच्या फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला जो व्हर्निअर आणि मायक्रोमीटर कपाटातून बाहेर येतो, तो इथे खऱ्या कामाला लागतो. क्रँकचं जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) दोन दिशांनी मोजायचं, किती झिजलं आणि किती अंडाकार झालं ते लिहायचं, आणि ग्राइंडिंग करून पाव मिलिमीटर कमी मापाच्या बेअरिंग बसतील की अर्ध्या, हे पोराने आधी सांगायचं. मग क्रँक घेऊन उद्यमनगरात जायचं. तिथला ग्राइंडिंगवाला स्वतःचं माप काढतो. दोन्ही आकडे जुळले तर उत्तम, नाही जुळले तर का नाही जुळले हे तिथेच उभं राहून समजून घ्यायचं. कनेक्टिंग रॉडच्या कॅपवर खोलतानाच खुणा करून ठेवायच्या, कारण एकाची कॅप दुसऱ्याला चालत नाही.

व्हॉल्व्ह घासणं हे मुलांचं सगळ्यात आवडीचं काम. सीटला ग्राइंडिंग पेस्ट लावून, रबरी कप असलेली काठी दोन्ही तळहातांत धरून व्हॉल्व्ह इकडेतिकडे फिरवायचा, मधूनमधून उचलून वळवायचा. सगळीकडे एकसारखा, तुटक नसलेला राखाडी पट्टा उमटला की झालं. मग डिझेल ओतून पाहायचं, खालून पाझरतंय का. पाझरलं तर पुन्हा. हेडचे बोल्ट आवळताना मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने. रेंचचा ‘टक’ आवाज ऐकल्यावर आणखी जोर द्यायचा नाही, एवढंच शिकवावं लागतं.

वायरिंगमध्ये शाळेतला ओहमचा नियम कामी येतो. हेडलाइट मंद का, याचं उत्तर निम्म्या वेळा गंजलेल्या अर्थिंगमध्ये असतं. मल्टिमीटरने बॅटरीपासून दिव्यापर्यंत व्होल्टेज कुठे पडतं ते पोरं बघता बघता शोधतात, मोठ्यांपेक्षा चिकाटीने. बॅटरी काढताना अर्थचं टर्मिनल आधी सुटतं आणि लावताना सगळ्यात शेवटी लागतं, हा नियम भिंतीवरही लिहिलेला आहे.

जे आम्ही पोराला करू देत नाही

इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची तपासणी. नोझलमधून निघणारी डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते. वरून टाचणी टोचल्याएवढी जखम दिसते, आत मात्र तातडीने शस्त्रक्रिया करावी लागेल इतकं नुकसान होतं. वेल्डिंग नाही. डिझेलच्या टाकीला तर आमचा माणूसही वेल्डिंग लावत नाही, टाकी बदलायची. ताणलेली स्प्रिंग नाही. टू-के (हार्डनर मिसळून मारायच्या) रंगाचा स्प्रे नाही, त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसाला घातक असतं, त्या वेळी पालकांनाही आत घेत नाही. पॉलिश पेपर घासायला मात्र पोरं हवीत, मास्क लावून.

जुन्या ब्रेक ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून आधी ओली करून पुसायची. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जात नाही. स्टँड लागले, गाडी हलवून पाहिली, मगच. विटा किंवा लाकडाचे ओंडके आमच्या आवारात दिसणार नाहीत.

ब्रेकबद्दल आमचं मत पक्कं आहे: मास्टर सिलिंडर, चाकातले सिलिंडर, होज, लायनर सगळं नवं. स्टिअरिंगचे जोडही नवे. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला जुन्या गाड्यांचे दरवाजे, काचा, दिवे, हँडल मिळतात, ती खरेदी पोराला घेऊन जरूर करा, बिलही घ्या. पण ब्रेक आणि स्टिअरिंग जुन्या बाजारातून नाही. ब्रेकची हवा काढायचं काम दोघांनी मिळून होतं, एक पेडलवर आणि एक चाकापाशी. तिथे बाप किंवा आई पेडलवर आणि पोर चाकाच्या निपलपाशी, जिथून हवा सुटते, अशी आमची पद्धत आहे.

पालकांसाठी थोडंसं

पोर चुकीच्या बाजूला पाना फिरवतंय असं दिसलं तर थांबा. थोड्या वेळात त्याला कळतं. धोका असेल तर आमचा माणूस मध्ये पडेल, त्याचं कामच ते आहे. निर्णयही वाटून द्या. रंग कुठला, हौद्याला लाकडी फळ्या की पत्रा, मागच्या फाळक्यावर काय लिहायचं, हे पोराला ठरवू द्या. रंग तुम्हाला आवडला नाही तरी गाडीला काही होत नाही. पोराचं मन मध्येच उडालं, महिनाभर आलं नाही, तर तुम्ही एकट्याने येऊन काम पुढे नेऊ नका. ते परत येतं तेव्हा गाडी त्याने सोडली तिथेच असली पाहिजे, नाहीतर ती त्याची राहत नाही.

काम मे महिन्यात सुरू करावं. सुट्टीत गाडी खोलून होते, पावसाळ्यात शेडमध्ये इंजिन, गिअरबॉक्स, डिफरेन्शियल. जून ते सप्टेंबर रंग मारत नाही, आपल्याकडच्या दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते. पत्र्याचं काम आणि रंग दिवाळीनंतर. दहावी-बारावीचं वर्ष असेल तर डिसेंबरअखेर काम बंद करतो, उघडे भाग ग्रीस लावून बांधून ठेवतो, आणि परीक्षेनंतर पुन्हा. त्या काळाचं जागाभाडं घेत नाही.

खर्चाचं अंदाजपत्रक तीन भागांत देतो: सुटे भाग, उद्यमनगरातलं मशीनचं काम, आणि आमचे तास. गाडी विकून हा खर्च निघणार नाही, हे समजून या.

चालवायचं कोणी

इंजिन पहिल्यांदा चालू करायचा मान पोराचा. हीटर (इंजिनातला ग्लो प्लग) तापू द्यायचा, किल्ली फिरवायची, तेलाचा दिवा विझतो का पाहायचं. गाडी रस्त्यावर मात्र तुम्ही न्यायची. चारचाकीचा परवाना १८ पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली आणि गुन्हा घडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ प्रमाणे पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते, आणि मुलाला वयाच्या २५ पर्यंत परवाना मिळत नाही. आमच्या आवारातही पोराला गाडी चालवायची मुभा आम्ही देत नाही. चाचणीच्या फेरीत पोर शेजारी बसतं, वही घेऊन: कुठल्या गिअरला आवाज, कुठल्या वेगाला थरथर, ब्रेक दाबल्यावर गाडी कुठल्या बाजूला ओढते. परत आल्यावर त्या यादीवर पुढच्या रविवारी काम.

पहिल्या भेटीला आरसी बुकाची प्रत, गाडीचे चारही बाजूंचे आणि खालचे फोटो, आणि पोराला घेऊन या. त्याच्या पायात बंद बूट असावेत, अंगात सैल ओढणी किंवा लोंबणारे कपडे नकोत, केस बांधलेले असावेत, आणि हातातलं कडं, अंगठी, घड्याळ घरी ठेवावं. कोरी वही आम्ही देतो.