आपला सामना, आपलंच दुकान

एखादी लीग स्वतःची स्ट्रीमिंग सेवा काढते म्हटलं की ते अगदी अलीकडचं खूळ वाटतं. पण यूट्यूब जन्मायच्या आधी, २६ ऑगस्ट २००२ रोजी, अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने न्यूयॉर्क यांकीज आणि टेक्सास रेंजर्सचा सामना इंटरनेटवरून थेट दाखवला होता. पाहणारे होते सुमारे ३० हजार. पुढच्या हंगामात एमएलबी डॉट टीव्ही ही लीगची स्वतःची सेवा वर्गणी घेऊन सुरूही झाली.

त्याची मुळं २००० सालात आहेत. वेबसाइटी वेगवेगळ्या न चालवता एकच कंपनी काढायची, प्रत्येक क्लबने चार वर्षं दरसाल १० लाख डॉलर घालायचे आणि मिळकत सारखी वाटून घ्यायची, असं तीसही क्लबांच्या मालकांनी ठरवलं. यांकीजसारख्या गब्बर क्लबनेही याला मान डोलावली, याचं मला अजून नवल वाटतं. बेसबॉलचा हंगामही असा, की प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो आणि एकेका संध्याकाळी डझनभर सामने एकदमच चालू असतात. ते सगळे न अडखळता दाखवता दाखवता या कंपनीचा हात इतका बसला, की एचबीओ या टीव्ही कंपनीने २०१५ साली आपली सेवा तिच्याकडूनच बांधून घेतली. तिच्यातून वेगळ्या काढलेल्या तंत्रज्ञान कंपनीत डिस्नेने आधी भागीदारी आणि मग बहुसंख्य हिस्सा विकत घेतला. डिस्ने प्लस ही स्ट्रीमिंग सेवा उभी राहिली ती त्याच तंत्रावर.

पण तंत्र जमलं तरी हक्कांचा गुंता सुटला नाही. स्थानिक सामने आधीच केबल चॅनेलांना विकलेले, म्हणून त्या भागातल्या वर्गणीदाराला ते दिसायचेच नाहीत. याला ब्लॅकआउट म्हणतात. आयोवा राज्यात मेजर लीगचा एकही संघ नाही, तरी तिथल्या प्रेक्षकाला आजूबाजूच्या राज्यांतले तब्बल सहा संघ बंद असायचे! पैसे भरायचे आणि जवळचा संघ सोडून बाकी सगळे बघायचे. अमेरिकन फुटबॉलची लीग असलेल्या एनएफएलने २०२२ साली एनएफएल प्लस ही आपली सेवा काढली, तेव्हा थेट स्थानिक सामने फक्त फोन आणि टॅबवर दिले. मोठा पडदा टीव्ही कंपन्यांना विकून झाला होता.

फ्रान्सची गोष्ट उलटी. तिथे फुटबॉल लीगने हौसेने नव्हे, नाइलाजाने दुकान थाटलं. २०१८ साली मीडियाप्रो या स्पॅनिश कंपनीने फुटबॉलच्या हक्कांसाठी वर्षाला ८० कोटी युरोंहून जास्त कबूल केले. २०२० साली करार लागू झाला आणि ऑक्टोबरातच हप्ता थकला; डिसेंबरात करार मोडला. त्यानंतर बराचसा वाटा अॅमेझॉनने बऱ्याच कमी भावात उचलला. २०२४ साली डॅझन ही खेळांची स्ट्रीमिंग सेवा आली. वर्षभराच्या बोलीवरही महिन्याला २९.९९ युरो, असा दर त्यांनी लावला. लोक वैतागले, चोरून बघणं फोफावलं आणि एका हंगामातच लीगचं आणि डॅझनचं बिनसलं.

आता गिऱ्हाईकच उरलं नाही म्हटल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये लीग वन प्लस ही लीगची स्वतःची सेवा सुरू झाली, वर्षभराच्या बोलीवर महिन्याला १४.९९ युरोंत. पहिल्या हंगामात आठवड्याच्या नऊ सामन्यांपैकी आठ त्यावर ठेवले होते. नववा बीइन स्पोर्ट्स या चॅनेलाकडे होता. त्यासाठी वर्गणी वेगळी.